आम्हांला नापास करा: कराटेच्या ब्लॅक बेल्ट प्रशिक्षकांना आणि ज्येष्ठ विद्यार्थ्यांना खुले पत्र

आदरणीय सेन्सेई, सर्व ब्लॅक बेल्ट प्रशिक्षक आणि ब्राऊन बेल्टच्या विद्यार्थिमित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

गेली सहा वर्षे मी आपल्या वर्गात शिकते आहे. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसहा ते आठ, महापालिकेच्या शाळेतल्या त्याच सभागृहात, जिथल्या शहाबादी फरशीने दर पावसाळ्यात माझ्या डाव्या अंगठ्याखालची कातडी सोलून काढली आहे. माझी मुलगी माझ्या वर्षभर आधी आली होती. तिला सोडायचे आणि मग दीड तास बाकावर बसून मोबाइल चाळायचा, त्यापेक्षा तुम्हीही रांगेत उभ्या राहा, असे आपल्यापैकीच एका सेन्सेईंनी सुचवले आणि चाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पांढरा पट्टा बांधला. त्या सुचवण्याचे ऋण मी मानते. हे पत्र रागावून वर्ग सोडणाऱ्या पालकाचे नाही. मी इथेच राहणार आहे, आणि म्हणूनच लिहिते आहे. हाच विषय दोनदा तोंडी काढून पाहिला, दोन्ही वेळा "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका" असे प्रेमळ उत्तर मिळाले. तेव्हा आता लेखी, आणि सर्वांसमोर.

मागणी एकच आहे. बेल्टच्या परीक्षेत विद्यार्थ्यांना नापास करणे पुन्हा सुरू करा, आणि सुरुवात माझ्यापासून करा.

मे महिन्यातल्या परीक्षेला आम्ही सदतीस जण होतो. मी पाचव्या क्यूसाठी, म्हणजे जांभळ्या पट्ट्यासाठी, हेआन योन्दान हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, करत होते. हा काता पहिल्या कियाईनंतर, म्हणजे आरोळीनंतर, तिरका फिरतो, एकदा डाव्या कोपऱ्याकडे आणि एकदा उजव्या. दोन्हीकडे तेच करायचे असते, दोन्ही हात बाहेर उघडून समोरच्याची पकड फोडायची, लाथ घालायची आणि लागोपाठ दोन ठोसे मारायचे. दुसऱ्या बाजूचे ठोसे झाले आणि माझे डोके कोरे झाले. इथून पुढे सरळ रेषेत तीन मोरोते-उके, म्हणजे दोन्ही हातांचे बचाव, आहेत आणि मग गुडघा, हे मला झोपेतून उठवले तरी सांगता येते. त्या क्षणी मात्र आले नाही. भिंतीवरच्या सुविचाराच्या फळ्याकडे तोंड करून मी चांगले दहा-बारा सेकंद उभी राहिले. शेवटी शेजारी गुणांचा कागद धरून उभ्या असलेल्या ब्राऊन बेल्टच्या मुलाने ओठ न हलवता सांगितले, "काकू, मोरोते, डावा पाय," आणि मी उरलेला काता कसाबसा ओढत नेला. गुडघ्यानंतर ज्या दिशेला वळायचे, त्या दिशेलाही मी वळले नाही. परीक्षकांनी मान डोलावली. तासाभरात निकाल लागला आणि मी उत्तीर्ण झाले. सदतीसच्या सदतीस जण उत्तीर्ण झाले.

घरी जाताना रिक्षात मुलगी म्हणाली, "आई, सर्टिफिकेटं सकाळीच टेबलावर होती. मी पाण्याची बाटली ठेवायला गेले तेव्हा तुझं नाव वाचलं." तयारी म्हणून छापून ठेवत असतील, असे मी काहीतरी बोलले. त्यावर ती म्हणाली, "मग मधेच थांबलीस तेव्हा एवढी घाबरलीस कशाला?"

माझी नोकरी लेखापरीक्षणाची आहे. आधी सही आणि मग तपासणी, असा एखादा कागद आमच्या टेबलावर आला तर त्याला काय म्हणायचे हे आम्हांला शिकवलेले असते. मुलीला त्या वेळी काय म्हणायचे ते मला सुचले नाही.

नापास होणे म्हणजे काय असते हे मला ठाऊक आहे, कारण मी झालेली आहे. १९९१ साली सोलापुरात, शाळेत असताना, हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेत आमच्या सरांनी मला बाजूला काढले. माझी झेनकुत्सु-दाची, म्हणजे एक पाय पुढे टाकून उभे राहण्याची ठेवण, अरुंद होती. पुढचा गुडघा वाकायचा, मागचा पाय ताणला जायचा, पण दोन्ही पावले एकाच रेषेत यायची, दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या मुलीसारखी. त्यामुळे बाजूने कोणी नुसता खांद्याला हात लावला तरी मी कलंडत असे. सरांनी सर्वांसमोर तसा हात लावून दाखवला आणि मी कलंडले. वडिलांनी सकाळीच अर्धा किलो पेढे आणून ठेवले होते. ते परत कसे करणार, म्हणून त्यांनी ते शेजारीपाजारी वाटून टाकले आणि कोणी कारण विचारले तर "असेच" म्हणून सांगितले. मी तीन दिवस जेवताना कोणाशी बोलले नाही. चौथ्या दिवशी वर्गात गेले तेव्हा सरांनी शाळेतला खडू घेऊन फरशीवर खांद्यांइतक्या अंतराने दोन समांतर रेघा ओढून ठेवल्या होत्या. डावे पाऊल डाव्या रेघेवर, उजवे उजव्या, आणि सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे-मागे, पुढे-मागे. तीन महिन्यांनी मी पास झाले. चौतीस वर्षांत मी बरेच काही विसरले, पण आजही पुढे पाऊल टाकताना माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन रेघा येतात. आपल्या वर्गात मला मिळालेल्या पाच प्रमाणपत्रांपैकी एकानेही माझ्या शरीरावर असा ठसा उमटवलेला नाही.

आपण म्हणाल, तो काळ वेगळा होता आणि जुन्या लोकांना जुने सगळेच कडक आणि चांगले वाटते. हा आक्षेप मी मानते, म्हणून थोडे आणखी मागे जाते. लहान मुलांना रांगेत उभे करून कराटे शिकवणे ही मुळात कसलीही घसरण नाही. कराटेचे गुरू अंको इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या शाळांत कराटे नेले, शाळकरी मुलांना पेलतील असे पाच काता बसवले, आणि १९०८ मध्ये शिक्षण खात्याला दहा कलमांचे पत्र लिहून हे शिक्षण शाळांत का हवे ते मांडले. आपण ज्यांना हेआन म्हणतो ते तेच पाच काता. हे नाव त्यांना पुढे इतोसुंचेच शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी दिले. म्हणजे आपला सोमवार-बुधवार-शुक्रवारचा, डबा आणि दप्तर कोपऱ्यात टाकून धावत येणाऱ्या मुलांचा वर्ग इतोसुंच्या वाटेवरचाच आहे. पण त्याच पत्रात त्यांनी रोज तास-दोन तास सराव केला तर तीन-चार वर्षांत शरीर पालटेल असे लिहिले आहे. तीन-चार वर्षे! आपल्याकडे तेवढ्या अवधीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पोहोचलेली आणि मध्ये दोनदा 'डबल प्रमोशन' घेतलेली मुले आहेत.

फुनाकोशींची स्वतःची गोष्ट तर आपणच आम्हांला सांगता. रात्री चालत अंको अझातो यांच्या घरी जायचे, मागच्या अंगणात एकच काता रात्रीमागून रात्री करायचा, आणि ओसरीवर बसलेल्या गुरूंकडून बहुधा एवढेच ऐकायचे, की पुन्हा कर. एक काता मनासारखा झाल्याशिवाय दुसरा नाही. यात महिने जात, वर्षेही जात. त्या अंगणात पट्टे नव्हते. दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची पायरी, जिगोरो कानो यांच्या ज्यूदोतून आली, आणि फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिल्यांदा दान दिले ते १९२४ मध्ये. पिवळा, केशरी, हिरवा ही रंगांची शिडी तर त्याही नंतर, युरोपात ज्यूदो पसरताना रुळली. ही शिडी वाईट आहे असे मला म्हणायचे नाही; दहा वर्षांच्या मुलाला "तीन वर्षे एकच काता कर" म्हणून सांगितले तर तो दुसऱ्या दिवसापासून क्रिकेटला जाईल. पण पायऱ्या लहान करणे आणि पायऱ्याच नाहीशा करणे यांत फरक आहे. अझातोंचे "पुन्हा कर" आपल्या परीक्षेतून गेले आहे, आणि ते गेले की उरतो तो फक्त रंगाऱ्याचा धंदा. शब्द कठोर आहे. मी दोनदा खोडून पुन्हा तोच लिहिला आहे.

हे केवळ तत्त्वाचे दुखणे असते तर मी आपल्याला एवढा त्रास दिला नसता. गेल्या पावसाळ्यात, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, जियू-कुमितेत, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावात, एका तेरा वर्षांच्या मुलाचा पुढच्या हाताचा ठोसा दुसऱ्याच्या तोंडावर बसला आणि त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तो तुकडा मीच फरशीवरून उचलून रुमालात बांधला. आपण बर्फ लावला, पालकांना फोन केला, आणि दोन्ही मुलांना एकमेकांसमोर वाकून नमस्कार करायला लावला; यात आपले काहीच चुकले नाही. पण "खेळात असे व्हायचेच" हे जे आपण नंतर म्हणालात, ते मला पटले नाही. आपली पद्धत सुन्दोमेची आहे. लक्ष्यापासून एक सुन, म्हणजे साधारण तीन सेंटीमीटर अलीकडे, ठोसा पूर्ण वेगात असताना थांबवायचा. तो थांबवता येणे हीच त्या टप्प्यावरची परीक्षा असते. ज्याने ठोसा मारला तो मुलगा वाईट नाही, रागीटही नाही; तो नंतर अर्धा तास रडत होता. त्याला दोन वेळा एक-एक पट्टा गाळून पुढे ढकलले होते आणि जोडीदाराबरोबर अंतर मोजत करायचा जो ठरावीक सराव, इप्पोन कुमिते, तो त्याच्या वाट्याला पुरेसा आलाच नव्हता. कमरेचा पट्टा पाहून समोरच्या मुलाने आणि त्याच्या आईने असे धरले होते, की याला हात आवरता येतो. पट्टा हा शेवटी दुसऱ्यांना दिलेला शब्द असतो. तो खोटा ठरल्याची किंमत ज्याने पट्टा बांधला त्याने मोजली नाही, समोरच्याने मोजली.

मुलींच्या बाबतीत मला याहून जास्त काळजी वाटते. आपण शाळांमध्ये स्वसंरक्षणाची शिबिरे घेता, ती चांगली असतात, मी स्वयंसेवक म्हणून दोनदा आले आहे. पण वर्षानुवर्षे येणाऱ्या मुलीला जेव्हा आपण प्रत्येक परीक्षेत "एक्सलंट" असा शेरा देतो, तेव्हा ती आपल्या ताकदीचा अंदाज त्या शेऱ्यावरून बांधते. माझ्या मुलीच्या कागदावर तीनदा "एक्सलंट" आहे. तिची मागची टाच अजूनही उचलली जाते आणि तिचा ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, खांद्यातून येतो, कमरेतून येत नाही. हे तिला एकाही प्रमाणपत्राने सांगितलेले नाही. मला दिसते, पण आईने सांगितलेले कोण ऐकते?

आता पैशांचे, कारण तो विषय टाळून हे पत्र लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपली महिन्याची फी आजूबाजूच्या कोणत्याही शिकवणीपेक्षा कमी आहे. सभागृहाचे भाडे, मॅट, पॅड, स्पर्धांना मुले नेण्याचा खर्च हे त्यातून भागत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना दिवसा दुसरी नोकरी करावी लागते. जी तूट पडते ती दर तीन महिन्यांनी परीक्षेच्या शुल्कातून भरून निघते, आणि ते शुल्क महिन्याच्या फीच्या दुपटीहून अधिक आहे. एकदा शुल्क घेतले की नापास करायला तोंड होत नाही. हा आपल्या स्वभावाचा दोष आहे असे मी मानत नाही. हा हिशोबाच्या रचनेचा दोष आहे, आणि हिशोबाची रचना बदलता येते. महिन्याची फी वाढवा. परीक्षेचे शुल्क एवढे कमी करा, की त्यात कागद, पट्टा आणि बाहेरच्या परीक्षकाचे मानधन तेवढे निघेल. नापास झालेल्याची दुसरी परीक्षा त्याच शुल्कात घ्या. फी वाढवली तर मुले कमी होतील, अशी भीती आहे. होतील काही. पण निकाल आधीच ठरलेला आहे हे मुलांना कळते, आणि कळल्यावरही मुले कमी होतात, फक्त ती कारण सांगून जात नाहीत.

पालकांचा यात किती वाटा आहे हे मला सांगायला नको, कारण त्या पालकांत मी आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला हिरव्या पट्ट्यासाठी थांबायला सांगितले होते. तिच्या सगळ्या मैत्रिणी पुढे जातील, ती खचेल, आधीच शाळेत तिचे बरे चाललेले नाही, असे म्हणत मी सेन्सेईंना शाळेच्या फाटकाशी गाठले आणि वीस मिनिटे सोडले नाही. शेवटी त्यांनी होकार दिला. त्या दिवशी मी जिंकले असे मला वाटले होते. आज वाटते, की तिच्यासाठी फरशीवर ओढल्या जाणाऱ्या दोन रेघा मी माझ्याच हाताने पुसल्या. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांचे जे कारण आम्ही पुढे करतो तेही पोकळ आहे. ते गुण स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतात, पट्ट्याच्या रंगावर मिळत नाहीत. तेव्हा कोणी पालक फाटकाशी आला तर त्याला माझे हे पत्र दाखवा, आणि मी स्वतः पुन्हा आले तर मलाही.

ज्येष्ठ विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी ज्याने मला "मोरोते" म्हणून सांगितले त्याच्यावर माझा राग नाही. त्याला काकूंची दया आली. पण तुम्ही परीक्षेच्या वेळी कडेला उभे राहून लहान मुलांना सतत पुढचा हात, पुढचा पाय सांगत असता, ते आता तुम्हांला मदतीचाच एक भाग वाटू लागले आहे, आणि मुलांनाही. यलो बेल्टची मुले हल्ली काता करताना समोर पाहतच नाहीत, तुमच्याकडे पाहतात. कातामध्ये ज्या बाजूला शत्रू नाही त्या बाजूला टक लावून केलेला काता किती मजेशीर दिसतो ते एकदा मोबाइलवर चित्रित करून पाहा. तुमची खरी गरज परीक्षेच्या आधीच्या सहा आठवड्यांत आहे, आणि नेमके तेव्हा तुम्ही स्पर्धेच्या तयारीसाठी मागच्या अंगणात असता. तुम्ही ज्या शोदानची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीची, वाट पाहता आहात, त्यातला 'शो' म्हणजे आरंभ. हे सेन्सेईंनीच शिकवले आहे, मी फक्त आठवण देते.

वर्ग संपताना आपण गुडघ्यांवर बसून जी पाच वाक्ये म्हणतो, त्यांतले दुसरे वाक्य सचोटीच्या मार्गाने चालण्याचे आहे. प्रत्येक वाक्याची सुरुवात "हितोत्सु", म्हणजे "एक", अशीच होते, कारण पाचांपैकी कोणतेही दुय्यम नाही. शिशुगटातली मुले ते जपानीत खणखणीत म्हणतात आणि अर्थ विचारला तर एकमेकांकडे बघतात. त्यांना अर्थ मराठीत सांगावा, ही विनंती मी याच पत्रात करून ठेवते. पण तो ज्या दिवशी सांगाल, त्या दिवशी टेबलावर आधी छापलेले कागद असू नयेत.

परीक्षा घेणारा आपला रोजचा प्रशिक्षक नसावा, दुसऱ्या शाखेतले कोणी बोलवावे. प्रमाणपत्र निकालानंतर आठवड्याने द्यावे, आणि त्यावर "एक्सलंट" ऐवजी एक चूक लिहावी, एकच, जी पुढच्या तीन महिन्यांत सुधारायची आहे. जो नापास होईल त्याला ते रांगेत उभे करून सर्वांसमोर सांगू नये. माझ्या सरांनी ते केले, आणि रेघांबद्दल मी जितकी कृतज्ञ आहे तितकी त्या कलंडण्याबद्दल आजही नाही. दोन्ही पालकांना आणि मुलाला बाजूला घेऊन, काय कमी आहे ते करून दाखवावे आणि पुढची तारीख तिथल्या तिथे द्यावी. एवढे पहिल्या वेळी जमले तरी पुष्कळ झाले.

जांभळ्या पट्ट्याचे माझे प्रमाणपत्र या पत्राच्या प्रतीबरोबर मी सोमवारी सेन्सेईंकडे जमा करते आहे. डिसेंबरच्या परीक्षेत मी आधीचाच पट्टा बांधून पाचव्या क्यूसाठी पुन्हा उभी राहीन आणि शुल्क पूर्ण भरीन. माझ्या शेजारी कोणाला उभे करू नये, आणि मी थांबले तर थांबू द्यावे. मुलीने अजून काही ठरवलेले नाही. तिची ब्राऊन बेल्टची परीक्षा त्याच दिवशी आहे, आणि तिचा कागद कधी छापायचा हे तिने तुम्हांला स्वतः येऊन सांगावे, असे मी तिला सुचवले आहे. फाटकाशी मी येणार नाही.

आपली नम्र,
संध्याकाळच्या वर्गातील एक विद्यार्थिनी